होडीवरील व्हिनाइलचे आवरण : टिकाऊपणा आणि निगा

पणजीला मांडवीच्या काठावरून सायंकाळी फेरफटका मारणाऱ्यास अलीकडे एक नवा देखावा दिसतो. पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या नौका पूर्वीसारख्या एकरंगी राहिलेल्या नाहीत. कोणावर माडांची रांग, कोणावर डॉल्फिन, तर कोणावर नुसतीच हातभर उंचीची अक्षरे झळकत असतात. ही चित्रे कुंचल्याने काढलेली नसून छापील आहेत. प्लॅस्टिकच्या पातळ पटावर छापून तो पट नौकेच्या अंगावर चिकटविलेला असतो. मोटारगाड्यांवरून ही पद्धत नौकांवर आली. आता लहान होड्यांचे मालकही तिची चौकशी करू लागले आहेत.

चौकशीबरोबर तक्रारीही येतात. "पाच वर्षांची खात्री दिली होती आणि दुसऱ्याच वैशाखात पापुद्रे निघाले," हे वाक्य थोड्याफार फरकाने अनेकांच्या तोंडून ऐकू येते. अशा वेळी माल खोटा होता असे समजून दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो. कधी ते खरेही असते. परंतु बहुतेक वेळा हा पट म्हणजे काय, तो कशाने झिजतो आणि कोठे मुळीच लावू नये, ही माहिती मालकाला कोणी दिलेलीच नसते. ती येथे थोडी विस्ताराने देण्याचा विचार आहे.

व्हिनाइल हा पदार्थ आपल्या परिचयाचाच आहे. विहिरीच्या पंपाला जोडलेला राखी रंगाचा कडक नळ आणि विजेच्या तारेवरील मऊ वेष्टन ही दोन्ही एकाच पदार्थाची, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइडची, रूपे होत. मूळचा हा पदार्थ कडक व ठिसूळ असतो. 1926 साली अमेरिकेतील वाल्डो सीमन या रसायनतज्ज्ञाने त्यात विशिष्ट तेलकट द्रव्ये मिसळून तो मऊ करण्याची युक्ती शोधली आणि त्यानंतर त्याचे असंख्य उपयोग सुरू झाले. मऊपणा आणणारे हे द्रव्य प्लॅस्टिकमध्ये कायमचे बांधलेले नसते. उष्णतेने व काळाने ते हळूहळू बाहेर पडत जाते. छपरावर पडून राहिलेली प्लॅस्टिकची जुनी नळी वाकविताच कडकन मोडते, त्याचे हे एक प्रमुख कारण. होडीवरचा पट शेवटी तडकतो तोही अशाच रीतीने.

बाजारात हा पट दोन प्रकारचा मिळतो आणि टिकाऊपणाचा निम्मा प्रश्न या निवडीतच सुटतो. एक प्रकार लाटीव. त्यात तप्त रुळांमधून पदार्थ दाबून व ताणून त्याचा पट करतात. दुसरा ओतीव. त्यात पातळ द्रव सपाट पृष्ठावर पसरून भट्टीत शेकतात. गृहिणींना हा फरक चटकन उमगेल. कणीक लाटून पोळी केली की ती पोळपाटावर किंचित आक्रसते, कारण तिला ताण दिलेला असतो. घावन मात्र तव्यावर जेथवर पसरले तेथवरच राहते. लाटीव पटाचा स्वभाव पोळीसारखा आहे. उन्हाने तापला की तो आक्रसू पाहतो. मग कडा मागे सरकतात, उघड्या पडलेल्या गोंदाच्या रेघेवर धूळ बसून काळी किनार दिसू लागते आणि खोलगट भागावरचा पट ढोलाच्या कातड्यासारखा ताणून वर उचलला जातो. ओतीव पट साधारणपणे 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. लाटीव बहुधा 75 ते 100 मायक्रॉनचा. जाड ते टिकाऊ हा आपला नेहमीचा ठोकताळा येथे उलटा पडतो. होडीच्या गोलाईवर, विशेषतः नाळेपाशी, ओतीव पटच घ्यावा. सपाट बाजूवर एखाद्या हंगामापुरती जाहिरात लावायची असेल तर स्वस्तातला लाटीव पट चालू शकेल.

छापील पटावर आणखी एक पारदर्शक पट चढवावा लागतो. छपाईच्या शाईला ऊन सोसत नाही. हा वरचा पट तिचे उन्हापासून व घासण्यापासून रक्षण करतो. पैसे वाचविण्यासाठी काही जण नेमका हाच वगळतात आणि मग निळ्या समुद्राचे चित्र वर्षाच्या आत फिकट पडते.

पटाला गोंद लावलेला असतो तो दाबाने चिकटणारा. चिकटविताना खाली अडकलेली हवा निघून जावी म्हणून चांगल्या पटाच्या गोंदात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पन्हळी ठेवलेल्या असतात. जमिनीवरील वाहनाला ही मोठी सोय आहे. नौकेवर मात्र कड नीट बंद केली नाही, तर हवा जाण्यासाठी ठेवलेल्या याच वाटेने पाणी आत येते. म्हणून नौकेच्या कामात कडांवर पातळ सीलबंदी करणे आवश्यक समजावे.

आता झिजेच्या कारणांकडे वळू. खाऱ्या पाण्याला आपण उगाच पहिला मान देतो. मीठ लोखंडाचा शत्रू आहे. व्हिनाइलचे ते फारसे काही बिघडवीत नाही, एवढेच की त्याचे कण पुसताना खरवडतात. पटाचा खरा शत्रू सूर्य. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. त्यातून क्लोरिनचे आम्ल सुटते, रंग पिवळट किंवा खडूसारखा होतो आणि पृष्ठभाग निर्जीव दिसू लागतो. गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 15 अंशांवर आहे. एप्रिलच्या अखेरीस व मेच्या आरंभी मध्यान्हीचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि त्या वेळी आकाशही निरभ्र असते. म्हणून आडव्या पृष्ठभागावरचा, म्हणजे छतावरचा किंवा नाळेवरील सपाट फळीवरचा, पट सर्वांत आधी जातो. उभ्या बाजूंवर पाच ते सात वर्षे टिकेल असे उत्पादकांच्या पत्रकात म्हटलेले असते ते बहुधा समशीतोष्ण हवामानाच्या हिशोबाने. उष्ण प्रदेशासाठी तेच उत्पादक कमी काळ सांगतात आणि आडव्या भागासाठी त्याच्याही निम्म्याने किंवा त्याहून कमी. हे तपशील पत्रकात असतात, पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत.

नौकेच्या दोन्ही बाजूही सारख्या झिजत नाहीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड केलेल्या बाजूवर ऊन दिवसभर राहते. मांडवीच्या उत्तर तीरावर धक्क्याला समांतर बांधलेल्या नौकेची नदीकडील बाजू नेमकी दक्षिणेस येते आणि शिवाय पाण्यावरून परावर्तित होणारे ऊनही तिलाच लागते. बांधण्याची दिशा अधूनमधून बदलली तरी झीज वाटली जाते. याला खर्च काहीच नाही. रंगाचाही विचार करावा. काळा किंवा गडद निळा पट मे महिन्याच्या दुपारी इतका तापतो की त्यावर हात टेकवत नाही, आणि जितकी उष्णता अधिक तितके मऊपणा देणारे द्रव्य लवकर निसटते.

शिक्षकांसाठी येथे एक सूचना कराविशी वाटते. एकाच पटाच्या तीन पट्ट्या कापून एक शाळेच्या गच्चीवर आडवी, एक दक्षिणेकडील भिंतीवर उभी आणि एक सावलीतल्या भिंतीवर लावावी. शैक्षणिक वर्षाच्या शेवटी मुलांना त्या शेजारी शेजारी ठेवून पाहू द्याव्यात. अतिनील किरणांचा धडा याहून चांगला शिकविता येणार नाही.

पट टिकणे न टिकणे हे त्याच्याखाली काय आहे यावरही अवलंबून असते. फायबरच्या होडीचा वरचा थर, ज्याला जेलकोट म्हणतात, तो जुना झाला की हात फिरवताच पांढरी भुकटी लागते. या भुकटीवर लावलेला पट होडीला नव्हे, भुकटीला चिकटतो. असा पृष्ठभाग बारीक कागदाने घासून, गोड्या पाण्याने दोनतीनदा धुऊन, वाळवून आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा. आपल्याकडे सर्व पुसण्याला रॉकेल किंवा डिझेल वापरण्याची सवय आहे. त्यांचा तेलकट अंश मागे राहतो आणि गोंद धरत नाही. पूर्वी मेण किंवा सिलिकॉनचे पॉलिश लावलेले असेल तर ते पूर्णपणे काढावे. जुन्या रंगावर पट लावायचा असेल तर सोपी परीक्षा आहे : चांगली चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. तिच्याबरोबर रंग आला, तर उद्या पटाबरोबरही येणार. नव्या रंगाचे उलटे आहे. तो वरून सुकल्यासारखा दिसला तरी आतून द्रावकाची वाफ काही आठवडे निघत असते, आणि त्या अवधीत पट लावला तर त्याखाली फुगे धरतात.

तुकडे एकमेकांवर चढवण्याची रीत कौलारू छप्पर शाकारणाऱ्याला सांगावी लागणार नाही. वरचे कौल खालच्यावर चढते म्हणून पाणी आत शिरत नाही. नौकेवर पाणी व वारा पुढून मागे येतात. तेव्हा काम मागून सुरू करून पुढचा तुकडा मागच्यावर चढवावा. उलट केले तर प्रत्येक सांधा म्हणजे लाटेसाठी उघडे ठेवलेले दार होय. कोपरे चौकोनी न ठेवता गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. खोलगट जागी ताणून बसविलेला पट शेवटी गरम हवेच्या यंत्राने पुन्हा तापवून घ्यावा लागतो, म्हणजे त्याचा मागे फिरण्याचा हट्ट जातो. कामगार हे करतो की नाही हे मालकाने उभे राहून पाहावे.

यानंतरचा मुद्दा या लेखाचे खरे प्रयोजन आहे. पट ही शोभा आहे, कवच नव्हे. आणि तो होडीचे अंग झाकतो म्हणजे तिची दुखणीही झाकतो.

जलरेषेच्या खाली पट लावू नये. तेथे तो सतत पाण्यात राहतो, गोंद भिजतो आणि त्याच्या व होडीच्या मध्ये पाणी साचून राहते. फायबरच्या होडीत असे अडकलेले पाणी हळूहळू थरांत शिरून फोड आणते. शिवाय पाण्याखाली शेवाळ व बार्नॅकलसारखे कवचधारी जीव बसतात. साधा पट त्यांना अटकाव करीत नाही, आणि ते खरवडताना पट फाटतो. तेथे जीवरोधक रंगच लावला पाहिजे. तोही निवडून घ्यावा लागतो, कारण ट्रायब्युटिल टिन असलेले पूर्वीचे रंग शंखशिंपल्यांना घातक ठरल्यामुळे त्यांच्यावरील आंतरराष्ट्रीय बंदी 2008 च्या सप्टेंबरपासून अमलात आली आहे. पटाची खालची कड भरल्या होडीच्या जलरेषेपासून चार बोटे तरी वर संपवावी. रिकाम्या होडीची रेघ पाहून माप घेणे ही नेहमीची चूक आहे.

लाकडी होडीच्या बाबतीत माझे मत अधिक कडक आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या होड्या, मग त्या रापणीच्या काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या असोत वा आंब्याच्या खोडातून कोरलेल्या असोत, काजूच्या टरफलाचे किंवा माशाचे तेल पाजून राखल्या जात. तेल लाकडात मुरते आणि लाकूड सुकू शकते. पट लाकडाला सुकू देत नाही. आत आलेला ओलावा आतच राहतो आणि ऊब मिळाली की बुरशी फळी खाऊ लागते. प्रस्तुत लेखकाने एका खाडीकाठी अशी एक होडी पाहिली. बाहेरून ती नवीकोरी दिसत होती. मालकाने नाव बदलण्यासाठी पट ओढला तेव्हा त्याखालच्या फळीत चाकूचे पाते बोटभर सहज गेले. याच होडीतून तो दोन पावसाळ्यांदरम्यान माणसे ने-आण करीत होता. आधीच्या तेलाच्या पद्धतीत ती फळी दर वर्षी त्याच्या हाताखालून गेली असती आणि दोष वेळीच कळला असता. लाकडी होडीवर नावापुरती पट्टी लावावी. संपूर्ण अंग गुंडाळू नये.

फायबरच्या होडीतही धक्क्याला आपटून पडलेली केसासारखी बारीक चीर पटाखाली दिसेनाशी होते. तेव्हा पट लावण्यापूर्वी होडीची तपासणी करून घ्यावी, सर्व चिरा भराव्यात, आणि त्या कोठे होत्या याची टिपणी व शक्य तर छायाचित्रे ठेवावीत. जोराचा धक्का बसल्यास त्या जागेचा पट फाडून पाहण्यास कचरू नये. तुकडा नवा बसविता येतो. बाहेर पाणी टाकणारी भोके, इंजिनाच्या हवेच्या जाळ्या, इंधनटाकीचे श्वासमार्ग व जीवरक्षक साधनांच्या खुणा कधीही झाकू नयेत. ज्या फळीवर माणसे चालतात तेथेही पट नको. ओला झाला की तो शेवाळलेल्या कातळासारखा निसरडा होतो.

नोंदणी क्रमांकाबाबत वेगळे सांगितले पाहिजे. गोव्यात मच्छिमार नौकांची नोंदणी 1980 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मत्स्योद्योग खात्याकडे होते, तर प्रवासी व पर्यटक नौका बंदर कप्तान खात्याच्या कक्षेत येतात. 2008 च्या नोव्हेंबरातील मुंबईवरील हल्ल्यात हल्लेखोर समुद्रमार्गाने व पळविलेल्या मच्छिमार नौकेतून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर नौकेची ओळख दुरून पटणे हा सुरक्षेचा विषय झाला आहे. चित्राच्या गर्दीत क्रमांक हरवला किंवा ठरवून दिलेला रंग झाकला गेला, तर गस्तीच्या नौकेने अडविल्यावर दोष चित्रकाराचा ठरत नाही. पट लावण्याआधी संबंधित खात्यात विचारून घ्यावे.

जाळी ओढणाऱ्या होडीला या पटाचा उपयोग जवळजवळ नाही. जाळ्यांचे शिसे, दोर आणि टोपल्या काठावरून दिवसातून कितीदा तरी घासत जातात. तेथे एका हंगामात चिंध्या होतील. उपयोग आहे तो पर्यटक नौकेला.

लावण्याच्या हंगामाबाबत आपल्याकडे एक अडचण आहे. यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, पर्यटक होड्याही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि मालकाला सवड तेव्हाच मिळते. पण किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचा बहुतेक भाग याच महिन्यांत. त्या दमट हवेत पृष्ठभाग कोरडा वाटतो, पण असत नाही. पावसाळ्यात घासकाम, चिरा भरणे व रंग करावा. पट लावण्यासाठी पाऊस ओसरून चार-पाच कडक उन्हे पडू द्यावीत. काम सावलीत, सकाळी दव उडून गेल्यावर करावे. तापलेल्या अंगावर पट हाताला नको तितका ताणतो.

निगा सोपी आहे, फक्त नियमित हवी. फेरी संपली की गोड्या पाण्याने होडी धुवावी. आठवड्यातून एकदा सौम्य साबणाचे पाणी व मऊ फडके पुरे. काथ्या, तारेची घासणी, धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर व थिनर पटाला लावू नयेत. डिझेल सांडले तर तेथल्या तेथे साबणाने धुवावे, कारण ते पट फुगवते व गोंद सैल करते. पक्ष्यांची विष्ठा घासू नये. ओले फडके काही वेळ ठेवले की ती आपोआप सुटते. दाबाच्या पाण्याचे यंत्र वापरायचे तर नळीचे तोंड निदान 30 सेंटिमीटर लांब, पसरट फवाऱ्याचे आणि पृष्ठभागाशी सरळ धरावे. तिरकस मारा कडेखाली शिरतो. धक्क्यावर टांगलेले जुने टायर पटाला काळे करतात व घासतात, म्हणून मध्ये कापडी खोळ घालावी. महिन्यातून एकदा सर्व कडांवर बोट फिरवून पाहावे. उचललेली कड लगेच पुसून, वाळवून, किंचित तापवून दाबली तर बहुधा बसते. आठवडाभराने तिच्याखाली वाळू गेलेली असते आणि मग ती कापून नवा तुकडा लावणेच बरे.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर असताना ताडपत्री पटाला चिकटवून बांधण्याचा प्रघात वाईट आहे. आत वाफ धरते, काळी बुरशी येते. जुन्या लोकांची झावळ्यांच्या झापांची खोप याबाबत फारच शहाणपणाची होती : ऊन व पाऊस अडत आणि वारा खेळत राही. तशी खोप शक्य नसेल तर काठ्यांचा सांगाडा करून ताडपत्री हातभर वर ताणावी.

शेवटी पट काढण्याचा प्रसंग येतोच. तो तडकू लागण्याच्या आधी काढावा. वेळेत काढलेला पट गरम हवेने मऊ करून, कड मागे दुमडून हळूहळू ओढला तर लांब पट्टीने निघतो. उशीर केल्यास नखाएवढ्या कपच्यांनी निघतो आणि मजुरी पटाच्या किमतीहून जास्त होते. निघालेला पट किनाऱ्यावर जाळण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. पॉलिव्हिनाइल क्लोराइडच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग क्लोरिनचा असतो. जाळल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, तो डोळ्यांना व फुप्फुसांना झोंबतो आणि त्यात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही तयार होऊ शकतात. खाडीत टाकलेल्या चिंध्या जाळ्यात येतात. त्या गोणीत भरून पंचायतीच्या किंवा पालिकेच्या कचरा-संकलनात सुक्या कचऱ्याबरोबर द्याव्यात, आणि देताना त्या व्हिनाइलच्या आहेत हे सांगावे.